अनीच्या जवळचा माणूस

नौपाडा, ठाणे
४ फेब्रुवारी

अनी,

हे पाकीट हातात पडलं असेल तर आधी उलटं कर आणि मागची नावं वाच. ज्या ज्या माणसांकडून ते फिरत आलंय त्यांची नावं तिथे असतील. तुझा पत्ता माझ्याकडे नाही. नंबर तू बदललास, मेलला उत्तर येत नाही, आणि फेसबुकवर अजून तोच सहा वर्षांपूर्वीचा निळ्या शर्टातला फोटो आहे. म्हणून मी माझ्या धंद्यातली युक्ती लढवतेय.

तू हसायचास ना, 'ताई कॉलेजात ठिपके जोडायला शिकवते' म्हणून? तेच अजून शिकवते, कल्याणला, एमएच्या पोरांना. माणूस म्हणजे ठिपका, ओळख म्हणजे रेघ. कुणाला किती रेघा, कोण कुणामार्फत कुणाशी जोडलेला, कोण मधला, कोण एकटा. त्यात एक जुना प्रयोग शिकवावा लागतो. तिकडे अमेरिकेत एका प्राध्यापकाने काही लोकांना पाकिटं दिली आणि सांगितलं, हे लांबच्या गावातल्या अमुक माणसाला पोचवा. तो ओळखीचा नसेल तर थेट धाडायचं नाही. तुमच्या ओळखीतल्यांपैकी त्याच्या जास्त जवळचा वाटेल अशा कुणाला तरी द्यायचं, त्याने पुढच्याला. मधे पाच-सहा माणसं लागली आणि पाकिटं पोचली. पोरांना हे फार आवडतं.

तर हे तसलंच पाकीट आहे. आत एक चिठ्ठी आहे, त्यात नियम लिहिलाय: अनिमेषच्या तुमच्यापेक्षा जवळचा माणूस जो वाटेल त्याच्या हातात द्या, मागे आपलं नाव लिहा, मला कळवा. व्हॉट्सॅपवर टाकलं असतं तर लोकांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं असतं आणि विसरले असते.

आता मुद्दा. आईला घशाचा कॅन्सर आहे. बस जरा, मग पुढचं वाच. स्वरयंत्र काढावं लागणार आहे. डॉक्टर म्हणतात, वेळेवर झालं तर जिवाला धोका नाही. पण आवाज जाईल. नंतर शिकून काही यंत्राने बोलतात म्हणे लोक, पण तो तिचा आवाज नसेल. पंचवीस फेब्रुवारीची तारीख दिलीय. आईने आधीच एकदा पुढे ढकलायला लावली, आता ते ऐकणार नाहीत.

तिला तुझ्याशी बोलायचंय. काय ते मला सांगत नाही. मी म्हटलं, फोनवर रेकॉर्ड करून ठेवू, तो कधीतरी ऐकेल. तर म्हणाली, "जो उलट उत्तर देणार नाही त्याच्याशी मी काय बोलू?" आवाज आत्ताच घोगरा झालाय, दोन वाक्यांनंतर पाणी लागतं.

पाकीट पहिल्यांदा सिद्धेशला देतेय, कोपरीला. शाळेपासून तुझा तोच एक. मी निघाले तेव्हा आईने थांबवलं आणि देवघरातून हळदकुंकू आणून पाकिटाच्या कोपऱ्याला बोट लावलं. मी म्हटलं, अगं, लग्नाची पत्रिका आहे का ही? म्हणून तर बसले, आणि मग चपला घालून निघाले.

तुझ्या पत्रिकांनाही तिनेच लावलं होतं. लग्नाला आठवडा राहिलेला आणि तू म्हणालास, मोडतोय. कारण सांगितलं नाहीस. तेव्हा बाबा म्हणाले, "ज्या दारांत पत्रिका दिल्यास त्या प्रत्येक दारात स्वतः जाऊन सांगून यायचं. फोन चालणार नाही." तू गेलास. स्कूटर मी चालवत होते. तू वर जायचास, मी खाली थांबायचे, आणि गॅलरीतून कुणी ना कुणी माझ्याकडे बघत असायचं. शेवटचं घर झाल्यावर तू म्हणालास, "ताई, मला इथेच सोड." मला वाटलं, जरा पाय मोकळे करशील.

बाबांना या पाकिटाचं सांगितलेलं नाही. तू फक्त ये. नाही तर फोन कर. नंबर तोच आहे.

ताई

नौपाडा
११ फेब्रुवारी

अनी,

हे मागाहून देण्यासाठी लिहून ठेवतेय. पाकीट कुठे पोचलं ते कळलं की त्याच्या मागोमाग पाठवेन.

सिद्धेशने पाकीट पुढे दिलं. कुणाला, ऐक. मंजुळामावशीला. मी म्हटलं, अरे ती आईची मावसबहीण, कल्याणला असते, तिचा काय संबंध? तर म्हणाला, "ताई, तो गेल्यानंतर बरेच महिने तिच्याकडे जेवायला होता. मला शपथ घातलेली."

कल्याणला. अरे, मी रोज कल्याणला येते. मावशीचं घर आमच्या कॉलेजपासून चालत जाण्यासारखं आहे. तू तिथे वरणभात जेवत होतास आणि मी पलीकडच्या रस्त्यावर पोरांना शिकवत होते की ओळखीच्या जाळ्यात कुणीच फारसं लांब नसतं. राग आला. तुझा, मावशीचा, सिद्धेशचा, सगळ्यांचा. मग आईचं तोंड बघितलं आणि तो गिळला.

सिद्धेशने पाकीट मावशीच्या सुनेच्या हातात दिलंय, मावशी देवळात गेलेली. त्यानंतर मावशीचा काही निरोप नाही. मी फोन केला तर तिचा फोन बंद. सून म्हणते, चार्जर बिघडलाय, पाकीट दिलं मी त्यांना. ते तिथून हललं का, हे तिला माहीत नाही. मावशीकडे जाऊन बघणार होते, पण या आठवड्यात आईच्या तपासण्याच सुरू आहेत, कॉलेजलाही धड जाता आलं नाही. एकदाच गेले, तेही तास संपताच हॉस्पिटलला पळाले.

त्या दिवशी वर्गात तोच प्रयोग होता. सान्वी म्हणून एक मुलगी आहे, पहिल्या बाकावरची, फार प्रश्न विचारते. म्हणाली, "मॅम, पाच-सहा माणसं लागली ती पोचलेल्या पाकिटांना ना? बाकीच्यांचं काय झालं?" मी सांगितलं, बाकीची पोचली नाहीत. बहुतेक पाकिटं पोचलीच नव्हती. कुणाच्या तरी टेबलावर, कुणाच्या तरी पिशवीत राहून गेली. हे पुस्तकात असतं, पण लोक ते सांगत नाहीत. मी दरवर्षी हे वाक्य घाईत उरकते. या वेळी उरकता येईना, पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले.

आपल्या घराचं चित्र काढलं तर कसं दिसेल, माहितेय? बाबांची रेघ आईला. तुझी रेघ आईला. माझीही आईलाच. तुला बाबांना काही सांगायचं असलं की, "आई, बाबांना सांग." बाबांना तुला काही सांगायचं असलं की, "त्याला सांग गं, रात्री लवकर येत जा." तिघांचं सगळं बोलणं तिच्यातून जायचं. असला ठिपका काढून टाकला की चित्राचे तुकडे होतात, हे मी फळ्यावर दाखवते. डस्टरने पुसून दाखवते. पोरं वहीत उतरवून घेतात.

आईने आज विचारलं, पाकीट कुठवर गेलं. मी म्हटलं, जातंय. ती म्हणाली, "जातंय म्हणजे कुठे?"

ताई

नौपाडा
१८ फेब्रुवारी

अनी,

आज सकाळी बाबांना शीळफाट्याच्या धोंडीबाकाकांचा फोन आला. बाबांच्या ऑफिसातले, तुला आठवतात, जोरात बोलणारे. एवढ्या जोरात की स्वयंपाकघरात मला ऐकू आलं. "सुधीरराव, अभिनंदन! अनिमेषचं ठरलं म्हणे."

बाबा "हो का," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. लगेच दुसरा आला, मग तिसरा. डोंबिवलीची आत्या, कोपरीतले जुने शेजारी. सगळ्यांना बातमी कळली होती की अनीचं लग्न ठरलंय आणि पत्रिका वाटायला लागल्यात.

मी समजले. स्कूटर काढली आणि थेट कल्याण गाठलं. मावशीच्या देवघरात, गणपतीच्या पुढे, वर फूल ठेवलेलं, तुझं पाकीट. उघडलेलंच नाही.

"अगं, कुंकू लावलेलं पाकीट," मावशी म्हणाली, "वर मंदाच्या, तुझ्या आईच्या घरचं. मला वाटलं, देवाने ऐकलं, पोराचं जमलं. म्हटलं आधी देवापुढे ठेवू, चांगला दिवस बघून उघडू."

नियमाची चिठ्ठी पाकिटाच्या आत घालण्याचा शहाणपणा माझा. आणि कुंकू लावलेली पत्रिका आपल्याकडे देवापुढे ठेवतात, हे मला आणि आईला माहीत नव्हतं असं नाही. ठिपके, रेघा सगळं विचारात घेतलं आणि हे तेवढं सुटलं. आठवडा गेला, अनी. मावशीवर ओरडणार होते, पण ती त्या फुलाकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. कॅन्सरचं तिला माझ्याकडूनच कळलं.

खरी चिठ्ठी हातातून हातात जाईना, आणि मावशीने भाजीवाल्यापाशी सहज म्हटलेलं खोटं लग्न चार दिवसांत शीळफाट्यापर्यंत गेलं. हे पण मीच शिकवते. बातमी जवळच्यांमधून लांब जात नाही, जवळचे सगळे एकमेकांनाच सांगत बसतात. ती लांब जाते ती अर्धवट ओळखीच्यांतून. भाजीवाला, भिशीतल्या बायका, कुणाच्या तरी जावेची बहीण. तुला कुणी तरी भेटून "अभिनंदन" म्हणालंही असेल. म्हणालं असेल तर तुला आश्चर्य वाटलं असेल, आणि घरी फोन करावासा वाटला असेल का?

मावशीने पाकीट माझ्यासमोर फोडलं, चिठ्ठी वाचली, मागे नाव लिहिलं. म्हणाली, माझ्याकडून तो आंबिवलीला गेला, रतनच्या चाळीत खोली घेतलेली. तिने आपल्या मुलाबरोबर लगेच पाकीट पाठवलं.

घरी आले तर बाबा गॅलरीत उभे. सहा वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आज विचारलं, "मुलगी कुठली आहे?"

मी सगळं खरं सांगितलं. पाकीट, सिद्धेश, मावशी, देवघर. ते ऐकत राहिले. मग "असं होय" म्हणाले आणि आत जाऊन टीव्ही लावला. आवाज बंदच होता.

ताई

नौपाडा
२४ फेब्रुवारी, हॉस्पिटलमधून

अनी,

उद्या ऑपरेशन आहे.

पाकिटाच्या मागे मागे मी काल स्वतः आंबिवलीला गेलेले. रतन भला माणूस आहे. चाळीच्या तोंडाशी त्याचं टायर पंक्चरचं दुकान आहे. तुझं नाव काढलं की खुर्ची पुसून दिली. म्हणाला, "अनिमेषभाऊ दोन वर्षं होते आपल्याकडे. पोरांना गणित शिकवायचे संध्याकाळी. मग गेले. नाशिक साइडला म्हणाले, पण मला नाय वाटत तिकडे गेले." पत्ता दिला नाहीस त्याला. का रे? एवढं चांगलं वागणाऱ्या माणसालाही नाही?

पाकीट कुठे आहे विचारलं तर म्हणाला, चिठ्ठीत लिहिलं होतं तसं केलं, त्यांच्या माझ्यापेक्षा जवळच्या माणसाला दिलं. कुणाला? त्याला ते सांगायचं नव्हतं. "भाऊ आजारी पडले होते ना एकदा, तापात एकच नाव घ्यायचे. त्या मॅडमना शोधून दिलं. त्या बोलल्या, कुणाला सांगू नका. पण पोचवतील, ताई. शब्द दिलाय." मी खूप विनवलं. तो टायर पुढ्यात ओढून पंक्चर काढायला बसला.

मला वाटलं, कुणीतरी आहे तर तुझ्या आयुष्यात. परत येताना एवढा आनंद झाला की मी सिग्नलला उगाच हसत होते. आईला सांगितलं, पोचणार. ती सारखी दाराकडे बघत होती आज. आवाज वाचवायचा म्हणून सकाळपासून कुणाशी बोलली नाही. बाबांशी नाही, माझ्याशी नाही. डॉक्टरांनी विचारलेलंही तिने खुणेनेच सांगितलं. जेवढा उरलाय तेवढा तुझ्यासाठी ठेवायचा होता तिला.

संध्याकाळी अॅडमिट केलं. आता मी तिच्या खोलीबाहेर बसलेय. लिफ्टचं दार उघडलं की मान वर करते. सारखीच करतेय.

मघाशी तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, सांगते, तुला जे सांगायचंय ते मला सांगून ठेवते. कान जवळ नेला. ती म्हणाली, "जेवलीस का?"

मी हो म्हटलं. तेच तिचं शेवटचं वाक्य ठरेल की काय, असं वाटतंय आणि काही करता येत नाहीये.

ताई

नौपाडा
५ मार्च

अनी,

आई बरी आहे. आधी ते सांगते. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते, नळीतून जेवते. पाटीवर लिहिते. पोरांच्या खेळण्यातली पाटी आणलीय, वर ओढलं की पुसली जाणारी. पहिलं वाक्य लिहिलं ते, "पाकीट?"

तू आला नाहीस. मी तुला दोष देत नाही. दिला असता, कालपर्यंत देत होते.

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात योगिनी.

ओळखलीच नाही आधी. तुझ्याशी लग्न ठरलेली मुलगी, तेव्हा केस लांब होते. आता डोंबिवलीला असते, तिला लहान मुलगी आहे. हातात पाकीट होतं. मी ते बघितलं आणि म्हटलं, "तुझ्याकडे?"

"रतनने आणून दिलं," ती म्हणाली. "त्याला वाटलं, माझ्याइतकं जवळचं कुणी नाही. पण मी अनिमेषला त्या दिवसानंतर बघितलेलं नाही, क्षिप्राताई. आठवडाभर जो जो आठवला त्याला विचारलं. कुणालाच माहीत नाही."

बसायला सांगितलं तर बसली नाही. उभ्यानेच बोलली. लग्न तू मोडलं नव्हतंस. दोघांनी मिळून ठरवलं होतं, तिला दुसऱ्या कुणाशी करायचं होतं. तू म्हणालास, मी मोडलं म्हणून सांगतो, तुला कुणी बोलायला नको. आणि मग दारोदार एकटा गेलास. तिच्या दारातही आलास, तिच्या वडिलांसमोर हात जोडलेस, आणि ती आतल्या खोलीत उभी होती. तिने हे सांगितलं तेव्हा बाबा माझ्या मागेच होते.

मग तिने पाकीट माझ्यापुढे धरलं. "चिठ्ठीत लिहिलंय, त्याच्या जास्त जवळचा माणूस. मी खूप विचार केला. त्या दिवशी तो आमच्याकडून खाली उतरला तेव्हा मी खिडकीतून बघत होते. तुम्ही स्कूटरवर थांबला होतात. त्याच्या जवळचं म्हटलं की मला तेवढंच आठवतं."

मागे नावं आहेत. सिद्धेश. मंजुळा. रतन. योगिनी. आणि त्याखाली, जिथे पुढच्याने आपलं नाव लिहायचं, तिथे तिच्या अक्षरात क्षिप्रा.

हसू नकोस. मी ते पाकीट घेऊन उभी होते आणि मला खरंच पुढचं सुचत नव्हतं. सिद्धेशला वाटलं, मावशी जवळची. मावशीला वाटलं, रतन. रतनला वाटलं, योगिनी. योगिनीला वाटलं, मी. प्रत्येकाकडून रेघ पुढे निघाली आणि फिरून माझ्याकडे आली. तुझ्याकडे एकही गेली नाही. असल्या ठिपक्याला आमच्यात एक शब्द आहे, 'एकटा'. तो मी आता वर्गात वापरू शकणार नाही.

ताई

डोंबिवली पूर्व
१२ मार्च

अनी,

हे सीटवर वही टेकवून लिहितेय, अक्षर समजून घे.

आई परवा घरी आली. काल मी तिला सगळं सांगितलं आणि पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, नियमाप्रमाणे आता मला पुढे द्यायचंय, आणि माझ्यापेक्षा त्याच्या जवळची तूच आहेस. आता तुझी पाळी.

तिने पाकीट हातात धरून ठेवलं. मी विचारलं, काय सांगायचं होतं गं त्याला? पाटीवर लिहिलं, "त्यालाच." ओढून पुसून टाकलं. मग पाकिटाच्या मागे माझ्या नावाखाली आपलं नाव लिहिलं, उठली, भिंतीला धरत बाहेर गेली, आणि पाकीट बाबांच्या हातात दिलं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आई, नियम कळला नाही तुला. जवळच्याला द्यायचं. बाबा जवळचे? तुला तो गेला तो कुणामुळे हे ठाऊक नाही का? सगळं बोलले, बाबांच्या तोंडावर बोलले. आईने पाटी माझ्यापुढे आपटली. पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं.

बाबांनी चष्मा लावला, नावं वाचली. खूप वेळ वाचली, सहाच नावं होती. मग म्हणाले, "एवढीच घरं? त्या वेळी पत्रिका किती दिल्या होत्या आपण?"

मी म्हटलं, शंभरावर असतील.

"यातल्या कुणाला तरी तो कधी दिसला असेल. रस्त्यात, दुकानात. त्यांना फोनवर विचारून चालायचं नाही." आणि चपला घालायला वाकले. गुडघा दुखतो त्यांचा, भिंतीला हात लावून वाकले. "स्कूटर काढ," म्हणाले.

तर सकाळपासून हिंडतोय. ते वर जातात, मी खाली थांबते. माझ्यासमोर एकाच दारात गेले, तळमजल्यावरच्या, म्हणून मला ऐकू आलं. हात जोडले आणि म्हणाले, "माझा मुलगा अनिमेष. सहा वर्षांपूर्वी तुमच्या दारात येऊन गेला, त्याची काही चूक नव्हती. तो कुठे दिसला तर सांगाल का?" त्या बाईंनी आत बोलावलं, पाणी दिलं. त्यांना काही माहीत नव्हतं.

कुणालाच माहीत नाही, अनी. एकाने नाशिक म्हटलं, एकाने पुणे, दोघांनी लग्नाचं अभिनंदन केलं. बाबा तेही ऐकून घेतात. आई घरी खिडकीशी बसलेली असेल, फोन हातात धरून. तू फोन केलास तरी ती उचलून काय करणार, हे मी आत्ता लिहिताना माझ्या लक्षात आलं.

हे कुठे पाठवू ते कळत नाही. पाकिटात घालून ठेवते.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कुणीतरी येऊन उभं राहिलंय आणि खाली माझ्याकडे बघतंय. बाबा जिना उतरताहेत. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून. वरूनच त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

गाडी चालू करते. पुढचं घर कोपरीला आहे, तिथे लिफ्ट नाही.

ताई